पातळी

सकाळी, चूळ भरायच्याही आधी,
मी त्या उशीवर उताणी पडते. अठरा सेकंद.
म्हणायला उशी, आत तारांची वेटोळी.
एक बाई आतून सांगते, कृपया हलू नका.
मी हलत नाही. पंखासुद्धा बंद करते, उगाच.

फुप्फुसाकडे जाणाऱ्या माझ्या धमनीत
शेंगदाण्याएवढं काहीतरी बसवलंय.
बॅटरी नाही, आवाज नाही.
मिरजेच्या डॉक्टरांनी मांडीतून वर नेऊन सोडलं,
आता तेही गावभागातच राहतं.

त्याआधी मी खोटं बोलायची.
कशी आहेस? बरी आहे.
जिन्यात मधल्या पायरीवर थांबून
भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत बसायची.
पाय सुजले की जोडवी काढून
डाळीच्या डब्यात.
शेंगदाण्याला हे जमत नाही.
सात वाजून पाच मिनिटांनी
तो सिस्टर एस्तेर लोंढेंना सगळं सांगून मोकळा.

"मगदूमबाई, एक्केचाळीस.
काल जेवणात काय होतं?"
सांडगी मिरची. दोन. तीन.
सासूबाई पलीकडून कान देऊन:
"एक्केचाळीस? म्हणजे इशारा पातळी ओलांडली की!"
त्यांना आकडा म्हणजे आयर्विन पूलच.
सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस
पाण्याची गोळी अर्धीऐवजी एक घ्या.
"विसर्ग वाढवला," सासूबाईंनी घरभर जाहीर केलं.

दुसरी गोळी आणायला मीच जाते, हरभट रोडला.
मेडिकलातला पोरगा चिठ्ठी वाचतो,
मग माझ्याकडे बघतच नाही.
"काकांसाठी?"
नाही रे बाळा, माझ्यासाठी. फुप्फुसाची आहे.
तरी काळ्या पिशवीत घालतो,
वर आणखी एक पिशवी.

ही दिवसातून तीनदा. पुस्तकात तसंच आहे.
पुस्तकाला आमचा सूर्यास्त कुठून ठाऊक?
दिवेलागण झाली की आमच्यात पाणीसुद्धा नाही.
पौषात तिसरी गोळी साडेपाचलाच उरकायची,
मग सकाळ होईतो तेरा तास नुसते.
मी कुणाला बोलले नव्हते.
एस्तेरबाईंनीच आलेख बघून विचारलं:
"उन्हाळ्यात ठीक असतं, थंडीत सकाळी चढतं.
रात्री काय होतं हो तुमच्याकडे?"

काय होतं.
काही होत नाही. सूर्य मावळतो.

त्या जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, आमच्यातही चाळीस दिवस असतात उपासाचे.
आठवडाभर मला संध्याकाळीही उशीवर निजवलं,
आणि डॉक्टरांनी गोळी बदलली:
सकाळी एकच, रात्र ओलांडणारी.
पहिले दिवस डोकं ठणकलं, गाल तापले,
मग अर्धी केली, मग पाऊण,
चाकूने पाऊण गोळी कापणं
हळदीकुंकवाच्या सुपाऱ्या कातरण्यापेक्षा अवघड.

ऑगस्टात पुलाजवळ खरोखर एक्केचाळीस झालं.
अभिनंदनने आधी उशी उचलली,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतली,
मग देव, मग मला विचारलं, चालशील?
विश्रामबागेत नणंदेकडे वीज नव्हती.
तीन सकाळी मी साध्या उशीवर पडून
मनातल्या मनात अठरा मोजले,
तळहात छातीवर ठेवून.
काही कळलं नाही.
धडधडत होतं, एवढंच. माझंच होतं.

चौथ्या दिवशी दिवे आले.
सात वाजून पाच मिनिटांनी फोन:
"कुठे होता? काळजी लागली होती. चौतीस आलंय."
पुलावर त्रेचाळीस होते तेव्हा.
सासूबाईंनी दोन्ही आकडे बोटांवर धरले.
"पहिल्यांदाच नदीच्या खाली आहेस तू."
आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून:
"सांडगी मिरचीची बरणी
खालीच राहिली गं."